वाचनाची गोडी लावायची तर आधी शिक्षकांनी काय शिकायचं? सहा महिन्यांची आखणी हवी आहे

प्रश्न : खानापूर_समूह

नमस्कार. कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातल्या एका समूहातल्या ११ मराठी माध्यमाच्या शाळांसाठी विचारतो आहे. जुलै ते डिसेंबर दर महिन्याच्या समालोचना सभेतला, म्हणजे समूहातल्या शिक्षकांच्या आढावा बैठकीतला, दीड तास आम्हाला वाचनासाठी मिळणार आहे. दर शाळेतून एक शिक्षक येईल. विषय एकच : चौथी ते सातवीच्या मुलांना आपणहून वाचावंसं वाटावं.

परिस्थिती थोडक्यात सांगतो. वर्गाचा पट १२ ते २८, बऱ्याच ठिकाणी एका शिक्षकाकडे दोन इयत्ता. पुस्तकं कपाटात आहेत. वाचनतासाला वाटली की मुलं पाच मिनिटांत चित्रं बघून परत आणून ठेवतात. घरची बोली कुठं मराठी, कुठं कोंकणी, कुठं कन्नड. शाळेत देवनागरी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन लिप्या एकदमच चालतात.

व्याख्यान झालं, चहा झाला, सह्या झाल्या आणि वर्गात सगळं पहिल्यासारखंच, असं या वेळी होऊ नये. शिक्षकांनी नेमकं काय शिकावं, कोणत्या क्रमानं, आणि मुलांत फरक पडला हे कशावरून ओळखावं? बक्षिसं ठेवावीत की नाहीत यावरही आमच्यात दोन मतं आहेत.

उत्तर : फळा_खडू

सर, पहिली सभा आवडीवर घालवू नका, वाचता येण्यावर घालवा. ‘मुलं वाचत नाहीत’ असं आपण सरसकट म्हणतो तेव्हा त्यात तीन निरनिराळी मुलं असतात. एकाची सगळी ताकद अक्षर जुळवण्यातच संपते, ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. दुसऱ्याला वाचता येतं, पण हातात पडलेलं पुस्तक त्यानं निवडलेलं नसतं. तिसऱ्याला येतंही आणि आवडतंही, पण वाचलेलं सांगायचं कुणाला हा प्रश्न असतो. प्रेरणेवर आयुष्यभर काम केलेल्या एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी माणसाच्या तीन मूलभूत गरजा सांगितल्या आहेत : मला जमतं, मी निवडलं, मी कुणाशी तरी जोडलेला आहे. वरच्या तीन मुलांना क्रमानं नेमकं हेच कमी पडतं आहे. म्हणून शिक्षकानं सगळ्यात आधी शिकायची गोष्ट म्हणजे समोरचं मूल या तिघांपैकी कोणतं ते ओळखणं.

त्यासाठी मोठी चाचणी नको. खालच्या इयत्तेच्या पुस्तकातला, मुलांनी न वाचलेला साधारण १२० शब्दांचा उतारा घ्या. पाचवीच्या मुलाला चौथीचा. मूल मोठ्यानं वाचेल, तुमच्या हातात त्याच उताऱ्याची दुसरी प्रत. चुकलेल्या शब्दाखाली रेघ मारायची, एक मिनिट झालं की तिथं उभी खूण करायची, पण मुलाला थांबवायचं नाही, उतारा पुरा होऊ द्यायचा. मग पुस्तक मिटून दोनच प्रश्न : ‘काय झालं ते सांग’ आणि ‘असं का झालं असेल?’ दर १०० शब्दांत १० पेक्षा जास्त चुका असतील तर तो मजकूर त्या मुलाला एकट्यानं वाचायला द्यायचाच नाही. पाचापर्यंत चुका असतील तर निर्धास्त द्यावा. मधल्या मुलांना सोबत कुणीतरी हवं. वेगाचा अंदाज हवा असेल तर केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानात तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द, तेही समजून, असं लक्ष्य ठेवलं आहे. पाचवीतलं मूल २५-३० शब्दांवर अडखळत असेल तर त्याच्यापुढं गोडीची भाषा बोलून उपयोग नाही, त्याला रोज दहा मिनिटं वाचनाचा सराव हवा.

यात दोन चुका हमखास होतात. घड्याळ मुलाच्या समोर धरलं की ते धापा टाकत वाचतं आणि अर्थ सुटतो. घड्याळ मांडीवर ठेवा. दुसरी चूक म्हणजे हे आकडे भिंतीवर लावणं. ज्याचा आकडा खाली त्याचं वाचन त्या दिवसापासून बंद झालं म्हणून समजा. वही तुमच्याजवळच राहू दे.

सरावासाठी एक रीत आपल्या गावांत शतकानुशतकं चालत आलेली आहे. पारायणात वाचणारा पुढं असतो, बाकीचे पोथीत बोट ठेवून त्याच्या मागं मागं जातात, आणि तीच ओवी पुन्हा पुन्हा कानावर पडते. ज्याला नीट वाचता येत नाही तोही सुरात सूर मिसळून वाचतो, त्याला कुणी उठवून उभं करत नाही. वर्गात हेच करायचं : ६० ते ८० शब्दांचा एक तुकडा, आधी शिक्षक वाचेल, मग सगळे मिळून, मग जोडीजोडीनं, आणि चौथ्यांदा ज्याला वाटेल त्यानं एकट्यानं. तोच तुकडा तीन दिवस. चौथ्या दिवशी अडखळणारं मूलही तो सरळ वाचतं आणि त्याच्या चेहऱ्यावरून कळतं की आता त्याला पुढचा तुकडा हवा आहे.

आता फरक ओळखणं. अमेरिकेत लिंडा गॅम्ब्रेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये वाचनप्रेरणा मोजायची २० प्रश्नांची प्रश्नावली तयार केली. अर्धे प्रश्न ‘मी कसा वाचक आहे’ यावर, अर्धे ‘वाचनाला मी किती मोल देतो’ यावर. कल्पना चांगली आहे. पण आपल्या वर्गात सरांनीच कागद वाटला की सगळी मुलं ‘मला वाचायला फार आवडतं’ यावरच खूण करतात. घ्यायचीच असेल तर शेजारच्या शाळेच्या शिक्षकानं घ्यावी आणि कागदावर नाव नको.

त्यापेक्षा डोळ्यांनी मोजा. मुक्त वाचनाच्या १५ मिनिटांत दर तिसऱ्या मिनिटाला मान वर करून बघायचं : किती डोकी खरोखर पुस्तकात आहेत? अशा पाच नोंदी. पट २४ असेल तर एकूण १२०. त्यातल्या ६६ वेळा डोकं पुस्तकात दिसलं तर ५५ टक्के. पहिल्या आठवड्यात एकदा, मग दर महिन्याला त्याच वारी, त्याच वेळेला. जेवणानंतरचा आकडा आणि सकाळचा आकडा एकमेकांशी ताडू नका, ते जुळत नसतात. सोबत एकच गोष्ट लिहा : न सांगता पुस्तक घरी कुणी नेलं. सभेत एवढे दोन आकडे घेऊन आलं तरी पुरे.

उत्तर : ग्रंथालय_निपाणी

पुस्तकांच्या बाजूनं थोडं सांगते.

कपाटात पुस्तकं असणं आणि मुलांपुढं पुस्तकं असणं यांत फार अंतर आहे. कपाटात दिसतो तो कणा, आणि २४ पानांच्या चित्रपुस्तकाला तर कणाही नसतो. मुलाला मुखपृष्ठ दिसलं पाहिजे. भिंतीवर मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला, म्हणजे साधारण साडेतीन फुटांवर, नायलॉनची दोरी बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी पुस्तकं लावा. सुतळी घेऊ नका, आठ दिवसांत ढिली पडून झोळ येतो. दर चार फुटांवर खिळा. पाच मीटर दोरीवर २० पुस्तकं बसतात. खानापूरच्या पावसात भिंत ओल धरते, म्हणून दोरी भिंतीपासून वीतभर पुढं, खिडकीच्या गजाला किंवा बाकाला बांधून घ्या.

किती पुस्तकं लागतात? दर मुलामागं निदान पाच वेगवेगळी. २४ च्या वर्गाला १२०. एका शाळेला हे जड जातं, म्हणून तीन शाळांचा गट करा. प्रत्येक शाळेनं ४० पुस्तकांची एक पेटी भरायची आणि दर सभेला अदलाबदल करायची. पातळ ४० पुस्तकांचं वजन तीन-चार किलोच होतं, दुचाकीला पिशवी अडकवून येतं. सभेला सगळे येतातच, त्यामुळे वेगळी फेरी पडत नाही. पेटीच्या झाकणाला आतून नावांची यादी चिकटवा, देताना-घेताना फक्त मोजायचं. फाटलेलं वेगळं ठेवा, पण त्याचा दंड मुलांकडून घेऊ नका. दंडाची भीती असलेलं पुस्तक घरी जात नाही, आणि जे घरी गेलं नाही ते आजीला, धाकट्या भावाला वाचून दाखवलं जात नाही.

दुरुस्ती सोपी आहे, सभेत १५ मिनिटांत सगळ्यांना शिकवता येते. पावसाळ्यात मधली पिन गंजते आणि पानाला तांबडा डाग पडून तिथंच फाटतं. पिन काढून टाका, घडीवर सुईनं तीन भोकं पाडा, जाड दोऱ्यानं मधल्या भोकातून सुरुवात करून वरच्यातून, खालच्यातून जात पुन्हा मध्ये येऊन गाठ मारा. चिकटपट्टी लावू नका, वर्षभरात पिवळी पडते आणि निघताना शाई घेऊन निघते. गव्हाच्या खळीला कसर लागते. डांबराच्या गोळ्या मुलांच्या हाताळायच्या पुस्तकांत कधीच घालू नयेत. कडुलिंबाचा वाळलेला पाला किंवा वेखंडाची पुरचुंडी ठेवा आणि दसऱ्याच्या आसपास ऊन पडलं की पुस्तकं सावलीत, वाऱ्यावर उघडून ठेवा. कडक उन्हात मुखपृष्ठ वळतं.

नवी भर घालायला खर्च फार नाही. ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशनसंस्थेचं ‘स्टोरीवीव्हर’ हे बालगोष्टींचं संकेतस्थळ २०१५ पासून आहे, गोष्टी खुल्या परवान्याच्या आहेत, म्हणजे उतरवून छापून वाटता येतात. चार पातळ्या आहेत : पहिली साधारण २५० शब्दांच्या आतली, चौथी दीड हजारांच्या पुढची. पहिल्या दोन पातळ्यांच्या गोष्टी काळ्या-पांढऱ्या छापू नका, त्यांत निम्मा अर्थ चित्रात असतो. तिसरी-चौथी पातळी साध्या छपाईत चालते. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आहे आणि जुने अंक संकेतस्थळावर मोफत आहेत. त्यातली दोन-चार पानांची गोष्ट, कोडं, माहितीचा तुकडा वेगळा छापून पुठ्ठ्यावर चिकटवला की सहावी-सातवीच्या मुलांना तो पुस्तकापेक्षा लवकर हातात घ्यावासा वाटतो. आणि गोष्टींच्याच मागं लागू नका. म्हशीचे आजार, कबड्डीचे नियम, सायकलची साखळी कशी बसवायची, पाखरांची घरटी : अनेक मुलांना, विशेषतः शेतात राबणाऱ्या घरातल्या, माहितीचं पुस्तक आधी भावतं.

पुस्तक निवडायला मुलांना पाच बोटांचा नियम शिकवतात : कुठलंही पान उघड, न येणाऱ्या प्रत्येक शब्दाला एक बोट दुमड, पाच झाली तर ते पुस्तक सध्या नको. पण हा नियम भरल्या पानासाठी आहे. २० शब्दांच्या पानाला पाच शब्द अडले तर चौथा हिस्सा गेला. चित्रपुस्तकासाठी दोनच बोटं धरा.

बेळगावच्या जवळ असाल तर १८४८ पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे, शिक्षकांनी तिथली बालसाहित्याची फडताळं एकदा पालथी घालावीत. आपणच नवं वाचलेलं नसेल तर मुलाला ‘तुला हे आवडेल’ असं म्हणणार कशाच्या जोरावर? इंग्लंडमध्ये टेरेसा क्रेमिन आणि सहकाऱ्यांनी शिक्षकांच्याच वाचनावर काम केलं, त्यात दिसलं ते हेच : शिक्षक मोठ्यांचं वाचतात, पण मुलांच्या पुस्तकांची त्यांची ओळख मोजक्या लेखकांपाशी थांबलेली असते. म्हणून सभेची पहिली दहा मिनिटं प्रत्येकानं एक बालपुस्तक वाचावं. पुढची दहा, प्रत्येकानं एका मिनिटात महिन्याभरात वाचलेलं एक पुस्तक सांगावं आणि ते ‘कुठल्या मुलाला द्यावं’ एवढंच शेवटी बोलावं. ११ शिक्षक, सहा महिने : ६६ पुस्तकं सगळ्यांच्या तोंडावर येतात.

उत्तर : चिक्कोडीकर

बक्षिसाबद्दल माझं मत सरळ आहे : ठेवा. ज्या मुलानं आजवर पुस्तक उघडलंच नाही त्याला उघडायला काहीतरी निमित्त लागतं. महिन्याला सर्वांत जास्त पुस्तकं वाचणाऱ्या तिघांना कंपास, वही, पेन. पहिले दोन महिने तरी.

उत्तर : फळा_खडू

चिक्कोडीकर सर, निमित्त लागतं हे मान्य, पण ‘सर्वांत जास्त’ हा निकष घातक आहे. वर्गातले आधीच चांगलं वाचणारे तिघं पहिल्याच आठवड्यात पुढं जातात, उरलेल्या २१ जणांना कळतं की हे आपलं नाही. शिवाय मुलं सर्वांत पातळ पुस्तकं शोधतात, पानं उलटतात आणि यादी भरतात. संख्या वाढते, वाचन वाढत नाही.

यावर १९७३ चा लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा प्रयोग बघण्यासारखा आहे. चित्रं काढायला आवडणारी बालवाडीतली मुलं त्यांनी घेतली. एका गटाला आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल. दुसऱ्याला न सांगता नंतर दिलं. तिसऱ्याला काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात बघितलं तर पहिल्या गटातली मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रात घालवत होती. न सांगता मिळालेल्यांचं काही बिघडलं नव्हतं. प्रयोग आवड असलेल्या मुलांवर होता, म्हणून ज्यांना आवड नाहीच त्यांना तो जसाच्या तसा लावता येणार नाही, एवढं तुमच्या बाजूनं धरतो. पण वर्गात दोन्ही प्रकारची मुलं शेजारी बसलेली असतात, आणि आवड असलेल्यांची आवड मोडून आपल्याला काही मिळवायचं नाही.

द्यायचंच तर पुस्तकाशी नातं असलेलं द्या. आधी जाहीर न करता एखाद्याला म्हणायचं, ‘तू बेडकांवरचं दोनदा वाचलंस, हे सापांचं नवं आलंय, पहिल्यांदा तूच ने.’ किंवा पुढच्या पेटीतली पुस्तकं निवडायचा मान. आणि शाबासकी नेमकी हवी. ‘छान वाचलंस’ म्हटलं तर मुलाला काही कळत नाही. ‘त्या शब्दाला अडलास, मागं जाऊन पुन्हा वाचलंस आणि मग जुळलं’ असं म्हटलं की काय केल्यानं जमलं हे त्याच्या हाती लागतं.

उत्तर : दोन_लिप्या

इथं कन्नडचा विषय सुटतो आहे, म्हणून लिहिते.

सीमेवरच्या मुलाचं वाचन मंद असण्यामागं आळसाखेरीज एक साधं कारण असतं : दोन लिप्यांची मांडणी उलटी आहे. ‘पुस्तक’ हा शब्द दोन्ही भाषांत तोच. देवनागरीत आपण ‘स’ अर्धा करतो आणि ‘त’ पूर्ण लिहितो. कन्नडमध्ये ‘स’ पूर्ण राहतो आणि ‘त’चं छोटं रूप त्याच्या खाली जातं, त्याला ओत्तक्षर म्हणतात. ‘सूर्य’मध्ये आपला रफार ‘य’च्या डोक्यावर बसतो, कन्नडमध्ये त्याची खूण ‘य’च्या उजवीकडं येते. दोन्हीकडं तो ‘य’च्या आधी उच्चारायचा, पण डोळ्याला तो नंतर भेटतो. म्हणून मुलं ‘सूयर’ वाचतात. शिक्षकानं ‘नीट बघ’ म्हणून भागत नाही. फळ्यावर दोन्ही लिप्यांत शेजारी शेजारी ‘पुस्तक’, ‘सूर्य’, ‘धर्म’, ‘भक्त’ लिहा, सारखं रंगीत खडूनं गिरवा, आणि मुलांनाच फरक शोधू द्या. २० मिनिटांचा हा एकच तास, मग आठवड्याला पाच मिनिटं उजळणी. ज्या शिक्षकांना कन्नड वाचता येत नाही त्यांनी शाळेतल्या कन्नड शिक्षकांना सोबत घ्यावं, त्यांच्या तासालाही याचा उपयोग होतो.

स्टोरीवीव्हरवर अनेक गोष्टी मराठी आणि कन्नड दोन्हींत आहेत. आधी घरच्या जवळच्या भाषेत वाचू द्या, चार-पाच दिवसांनी दुसऱ्या भाषेत. ओळीला ओळ लावून भाषांतर करून घेऊ नका, वाचन तिथंच पाठ होतं. गोष्ट माहीत असल्यामुळं मूल अंदाजानं पुढं सरकतं, आणि तेच हवं आहे.

बोलीबद्दलही. पुस्तकात ‘तो जात आहे’ असतं, मूल सांगताना म्हणतं ‘त्यो जायलाय’. गोष्ट सांगताना हे दुरुस्त करू नका. दुरुस्त केलं की सांगणं थांबतं, आणि सांगणं थांबलं की वाचायचं कारण संपतं. प्रमाण रूपाची ओळख लेखनाच्या तासाला करून द्या.

गावात ग्रामपंचायतीचं ग्रंथालय, आता अरिवू केंद्र म्हणतात, असेल तर ६ ते १८ वर्षांच्या मुलांना सभासदत्व मोफत आहे. २०२० मध्ये कर्नाटक सरकारच्या ‘ओदुव बेळकु’ (वाचनाचा प्रकाश) कार्यक्रमात हे सुरू झालं. पुस्तकं बहुतेक कन्नड असतात, पण सहावी-सातवीला तीही चालतात. शाळेनं पहिल्यांदा मुलांना रांगेनं नेऊन कार्ड करून आणावं. एकट्यानं दार ढकलायला मुलं बिचकतात.

उत्तर : मोठ्यानं_वाचा

शिक्षकांनी शिकायच्या गोष्टींत एक अजून आली नाही : मुलांसाठी मोठ्यानं वाचणं. ते सगळ्यांना येतं असं आपण धरून चालतो. बहुतेक वेळा वाचन संपलं की प्रश्नोत्तरं सुरू होतात आणि गोष्टीचा पाठ होतो.

समजा गोष्टीत असं आहे : ‘म्हैस विहिरीपाशी आली आणि थांबली. गणूनं दोर ओढला. ती पुढं जाईना.’ इथं थांबायचं. पुस्तक खाली. ‘का थांबली असेल?’ एवढंच विचारून गप्प बसायचं, मनात दहापर्यंत मोजेस्तोवर. आपल्याला ती शांतता सोसत नाही आणि तिसऱ्या अंकालाच आपण उत्तर देऊन टाकतो. थांबलात तर आठव्या-नवव्या अंकाला एखादं मूल बोलतं : ‘आत कोणतरी पडलं असंल’, ‘तिला पाणी दिसलं’, ‘तिचं रेडकू’. कुणाचंही बरोबर-चूक ठरवायचं नाही. ‘बघू या’ म्हणायचं आणि पुढं वाचायचं. ‘म्हशीचा रंग कोणता होता?’ हा प्रश्न विचारलात तर मुलं तो परीक्षेचा प्रश्न आहे हे ओळखतात आणि गोष्टीतून बाहेर येतात.

१५ मिनिटांच्या वाचनात असे थांबे तीनच, आणि ते आदल्या दिवशी पेन्सिलीनं खूण करून ठेवलेले. पुस्तक मुलांकडं तोंड करून, पान उलटायच्या आधी सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचं. शेवटची दोन पानं राखून ठेवावीत आणि ते पुस्तक वाचनकोपऱ्यात ठेवून द्यावं. मधल्या सुट्टीत कोण धावतं ते बघा, तुमची नोंद तिथंच होते.

हे सभेत सांगून शिकता येत नाही. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी शिक्षक-प्रशिक्षणाचा अभ्यास केला त्यात हेच निघालं : नुसती माहिती दिली किंवा प्रात्यक्षिक दाखवलं तर वर्गापर्यंत फार थोडं पोचतं. सराव, त्यावर सूचना आणि नंतर वर्गात येऊन सोबत करणारा सहकारी मिळाला तर पोचतं. म्हणून सभा ज्या शाळेत असेल तिथली आठ-दहा मुलं समोर बसवा. एक शिक्षक वाचेल, बाकीचे दहा शिक्षकाकडं न बघता प्रत्येकी एका मुलाकडं बघतील : कधी पुढं झुकलं, कधी नजर हटली. नंतरची चर्चा मुलांवर होते, वाचणाऱ्या शिक्षकावर टीका होत नाही, त्यामुळं पुढच्या महिन्यात कुणीतरी आपणहून पुढं येतं. मग जोड्या लावा. जवळच्या शाळेतल्या शिक्षकानं महिन्यात एकदा अर्ध्या तासासाठी जाऊन दोन गोष्टी लिहून द्यायच्या : कुठं मुलं जागी झाली, कुठं निसटली. यात सीआरपींना, म्हणजे समूहाच्या शैक्षणिक मार्गदर्शकांना, गुण द्यायचा कागद आणू देऊ नका, लोक लगेच दाखवायचा तास करतात.

खानापूर_समूह

सगळ्यांचे आभार. बक्षीस आम्ही सोडतो, पेट्यांचे गट दोन सभांत लागतील. एकच अडचण राहते. दोन इयत्ता, २८ मुलं, एकटा शिक्षक. एकेका मुलाचं वाचन तपासत बसलं तर बाकीच्यांचं काय? आणि जुलैत रोप लावणीमुळं मोठी मुलं शाळेत येत नाहीत, मग पहिली नोंद कधी घ्यायची?

उत्तर : फळा_खडू

एका मुलाला तीन मिनिटं लागतात. रोज चार मुलं, १२ मिनिटं, सात दिवसांत २८. ही १२ मिनिटं मुक्त वाचनातच बसवायची. पहिल्या पाच मिनिटांत सगळ्यांसाठी मोठ्यानं वाचायचं, मग मुलं आपापली पुस्तकं घेतील. ती स्थिरावली की चौघांना एकामागून एक तुमच्या शेजारी बोलवायचं, टेबलासमोर उभं करायचं नाही. शेवटची पाच मिनिटं जोडीत बोलायला : ‘तुझ्या पुस्तकात काय झालं?’ ही पाच मिनिटं कापू नका, वेळ कमी पडला तर आधीचं कापा.

अडखळणाऱ्यांच्या हातात नुसतं पुस्तक देऊन गप्प बसवू नका. अमेरिकेतल्या राष्ट्रीय वाचन समितीनं २००० मध्ये आधीचे अभ्यास तपासून हेच म्हटलं होतं की नुसत्या मूक वाचनाच्या वेळेनं वाचन सुधारतं याला पुरेसा आधार मिळत नाही. त्यांना वरच्या इयत्तेतलं एक मूल जोडून द्या. दोघं एकत्र मोठ्यानं वाचतील, अडखळणाऱ्यानं कोपरानं खूण केली की दुसरा गप्प होईल आणि तो एकटा वाचेल, चूक झाली आणि चार सेकंदांत सावरली नाही तर दुसरा शब्द सांगेल आणि पुन्हा दोघं मिळून. दोन इयत्ता एका खोलीत असण्याचा इथं फायदाच होतो. जोडी लावताना सर्वांत हुशार मूल सर्वांत मागं असलेल्याला देऊ नका, अंतर फार पडलं की एक कंटाळतो आणि दुसरा ओशाळतो. यादी वेगानुसार लावून मधोमध कापा, वरच्या निम्म्यातला पहिला आणि खालच्या निम्म्यातला पहिला अशी जोडी करा.

जुलैची नोंद पाचवीपर्यंतच्या मुलांची घ्या. सहावी-सातवीची लावणी आटोपल्यावर, ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, आणि त्यांची तुलना त्यांच्याच ऑगस्टशी करा. लावणीच्या दिवसांत घरी नेण्यासाठी पातळ पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून द्या, तोंड गुंडाळून वर रबर लावा. बांधावर जेवणाच्या वेळी तेवढंच वाचलं जातं.